उमेदवारीचे नवे नाव

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेले हजारो विद्यार्थी आज एक नवी भाषा शिकत आहेत. ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. महाविद्यालयाच्या ‘प्लेसमेंट सेल’ने भरविलेल्या कार्यशाळेत ती शिकविली जाते. कंपनीच्या गोदामात दोन महिने खोकी मोजली असतील, तर ‘खोकी मोजली’ असे या भाषेत म्हणावयाचे नसते. ‘साठा-व्यवस्थापनाची प्रक्रिया अधिक कार्यक्षम केली’ असे म्हणावयाचे असते आणि जमल्यास पुढे एखादी टक्केवारी जोडावयाची असते. मुलाखतीतील उत्तराचाही साचा ठरलेला आहे : आधी प्रसंग सांगावा, मग अंगावर आलेली जबाबदारी, मग केलेली कृती आणि शेवटी तिचे फलित. रेझ्युमे एका पानाचा असावा, कंपनीचे नाव ठळक असावे, प्रत्येक ओळीचा आरंभ जोमदार इंग्रजी क्रियापदाने व्हावा. या सबंध शिकवणीत एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. त्या दोन महिन्यांच्या कामाचे दाम किती मिळाले?

तो विचारला जात नाही, कारण विचारला तर कार्यशाळेचा सारा डोलारा डळमळेल. इंटर्नशिप, म्हणजे शासकीय मराठीतील आंतरवासिता, रेझ्युमेवर कशी मांडावी आणि मुलाखतीत तिच्याविषयी कसे बोलावे, हा वरवर पाहता एकेका विद्यार्थ्याच्या चातुर्याचा प्रश्न वाटतो. वस्तुतः श्रमाला काय म्हणावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, असा हा प्रश्न आहे. म्हणून तो समाजवादी चळवळीचा प्रश्न आहे. ‘मध्यमवर्गीय मुलांची नोकरीची चिंता’ म्हणून चळवळीतील अनेकांनी आजवर त्याची बोळवण केली. ही चूक दुरुस्त करण्याची वेळ आली आहे.

एका श्रमाची तीन नावे

मराठी समाजाला ही वस्तू अपरिचित नाही. आज ना उद्या जागा रिकामी होईल या उमेदीवर कचेरीत पगाराविना राबणारा माणूस, हा ‘उमेदवार’ या शब्दाचा जुना अर्थ. निवडणुकीतील उमेदवाराने तो अर्थ लोकांच्या विस्मरणात ढकलला, परंतु वस्तुस्थिती जागेवरच राहिली. फरक एवढाच की, आपण फुकट राबतो आहोत हे जुन्या उमेदवाराला ठाऊक होते. आजच्या उमेदवाराला त्याबद्दल कंपनीचे जाहीर आभार मानावयास शिकविले जाते.

आजच्या व्यवस्थेची खरी करामत नावांच्या अदलाबदलीत आहे. काम चालू असते तेव्हा त्याचे नाव ‘शिक्षण’. आणि शिक्षण आहे म्हणून वेतन नाही. मुलाखतीच्या मेजासमोर त्याच कामाचे नाव ‘अनुभव’ होते, आणि हा अनुभव ज्याच्यापाशी नाही त्याला दार बंद होते. निवड होऊन पगार ठरविण्याची घटका आली की, तोच अनुभवी उमेदवार पुन्हा ‘फ्रेशर’, म्हणजे कोरी पाटी, ठरतो. ज्या वेळी ज्या नावाने मालकाचा पैसा वाचेल, त्या वेळी ते नाव. रेझ्युमे-लेखनाची कला म्हणून जी शिकविली जाते, ती या तीन नावांतील विसंगती विद्यार्थ्याकडूनच, विद्यार्थ्याच्याच शब्दांत झाकून घेण्याची कला आहे.

कायद्याने या अदलाबदलीला आधार दिलेला आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाच्या १८ व्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. सुरक्षितता, आरोग्य आदींच्या तरतुदी वगळता कामगारविषयक कायदे त्याला लागू होत नाहीत. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही, असे २२ व्या कलमात मुळात स्पष्टच म्हटले होते. २०१४ च्या दुरुस्तीने मालकाने भरतीविषयी स्वतःचे धोरण ठरवावे, असे सौम्य शब्द आले. बंधन आले नाही. चार श्रमसंहितांपैकी २०१९ ची वेतनसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, आणि तिच्यातील ‘कर्मचारी’ या व्याख्येतूनही या अधिनियमाखालील शिकाऊ उमेदवार वगळलेलाच आहे. तरीही या अधिनियमाखालच्या उमेदवाराला निदान विद्यावेतनाचा हक्क आहे. महाविद्यालयाच्या पत्रावर कंपनीत दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला तोही नाही. तो ना कामगार, ना शिकाऊ उमेदवार.

आणि आता हे काम ऐच्छिकही राहिलेले नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने अभियांत्रिकी पदवीसाठी ६०० ते ७०० तासांची इंटर्नशिप आणि तिला १४ ते २० श्रेयांक अशी चौकट आखली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांतही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’चे ४ श्रेयांक आले. काम सक्तीचे झाले, मोबदला मात्र मालकाच्या मर्जीवर राहिला. त्या सत्राची फी महाविद्यालय पूर्ण घेते. म्हणजे विद्यार्थी राबतोही आणि राबण्यासाठी पैसेही भरतो. सक्तीच्या, विनामोबदला कामाला मराठीत एक स्वच्छ शब्द आहे : वेठ. तो वापरताना पुरोगाम्यांनी अडखळण्याचे कारण नाही.

कोऱ्या जागेचा वर्ग

या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. केज किंवा जिंतूर तालुक्यातून आलेल्या विद्यार्थ्याने हिंजवडीत दोन महिने विनावेतन काम करावयाचे, तर खोलीचे भाडे, खानावळ आणि बसभाडे त्याच्या घराने उचलावयाचे. ज्या घरात खरिपाच्या बियाण्यासाठी उसनवारी चालते, तेथून हा खर्च निघणार कोठून? त्याच्याच वर्गातील दुसऱ्या विद्यार्थ्याचा काका एखाद्या कंपनीत अधिकारी असतो. एक दूरध्वनी होतो, जागा निघते. राहावयास घर असते, जेवण घरचेच असते. उन्हाळा सरतो. एकाच्या रेझ्युमेवर नामांकित कंपनीचे नाव ठळक अक्षरांत झळकते, दुसऱ्याच्या रेझ्युमेवर ती जागा कोरी राहते. मुलाखत घेणारा त्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवून विचारतो, ‘या दोन महिन्यांत काय केलेत?’ प्रश्न विद्यार्थ्याला विचारला जातो, वास्तविक तो त्याच्या बापाच्या सातबाऱ्याला विचारलेला असतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. महाविद्यालयातील प्रवेशाला यादी असते, आरक्षण असते, हरकतीची मुदत असते. सरकारी नोकरीला जाहिरात असते. या दोहोंच्या मध्ये जी इंटर्नशिप उभी राहिली आहे, तिला बहुधा ना जाहिरात, ना यादी, ना आरक्षण. तेथे ओळख चालते. आणि या देशात ओळखीचे पाट जातीच्या उतारावरूनच वाहतात. सामाजिक न्यायाचा जो दरवाजा लढून उघडला, त्याच्या आत गुपचूप दुसरा दरवाजा बसविला गेला आहे. त्याची किल्ली कोणाच्या हाती, हे विचारण्याची सोयच ठेवलेली नाही.

ज्यांना हा दरवाजा उघडत नाही, त्यांच्यासाठी बाजाराने पाठीमागचा रस्ताही तयार ठेवला आहे. शुल्क भरा, काही चित्रफिती पाहा, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र घ्या. काम नाही, देखरेख नाही, शिकणेही नाही. श्रेयांकाच्या सक्तीपोटी निर्माण झालेला हा कागदांचा धंदा आहे. महाविद्यालयांना तो माहीत असतो. रकाना भरला की त्यांचे काम भागते. मुलाखतीतील दुसऱ्याच प्रश्नाला हे प्रमाणपत्र उघडे पडते, आणि मग ‘ग्रामीण मुले खोटे बोलतात’ असा शेरा मारावयास हीच मंडळी मोकळी असतात.

जे लिहिले जात नाही

याहून क्लेशदायक गोष्ट वेगळीच आहे. ज्या विद्यार्थ्याची ‘अनुभवा’ची जागा कोरी असते, तो बहुधा बेकार बसलेला नसतो. तो रात्री पेट्रोल पंपावर उभा असतो, औषधांच्या दुकानात बिले फाडत असतो, आईच्या खानावळीचा हिशेब ठेवत असतो, सुगीत बापाच्या बरोबरीने रानात असतो. औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाला साठा, मुदतबाह्य माल, उधारीची वसुली आणि चिडलेले गिऱ्हाईक यांविषयी जे कळते, ते कंपनीच्या वातानुकूलित दालनात दोन महिने चहा पीत बसणाऱ्याला कळत नाही. तरीही तो हे रेझ्युमेवर लिहीत नाही. त्याला लाज वाटते. ही लाज त्याच्या जन्माबरोबर आलेली नाही. कंपनीचे नाव म्हणजे अनुभव आणि घामाचे काम म्हणजे अडचण, हे समीकरण त्याला पढविले गेले आहे.

हे पढविले जाते ते कोठे? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या महाराष्ट्रात. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊरावांनी ‘कमवा आणि शिका’ ही योजना रुजविली, आणि १९४७ साली साताऱ्यास निघालेले छत्रपती शिवाजी महाविद्यालय याच तत्त्वावर उभे केले. त्या योजनेत श्रमाला श्रमच म्हणत आणि त्याचे मोल शिक्षणाच्या रूपाने विद्यार्थ्याच्या पदरात पडे. शिकण्याच्या नावाखाली कमाई बुडविण्याची कल्पना तीत नव्हती. आजच्या इंटर्नशिपने हे सूत्र उलटे केले आहे : राबा आणि शिका, कमाईचे पुढे पाहू. ‘कमवा आणि शिका’ योजनेत काम केलेल्या विद्यार्थ्याने ते रेझ्युमेच्या अगदी वरच्या बाजूस लिहावे, अशी स्थिती असावयास हवी होती. तो ते दडवितो, यातच पराभव कोणाचा झाला ते दिसते.

सरकारचा हातभार

रोजगार मागणाऱ्याच्या हाती प्रशिक्षण ठेवण्याची युक्ती आता सरकारनेही उचलली आहे. १९७२ च्या दुष्काळातून ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा मार्ग काढला, १९७७ साली तिचा कायदा केला आणि मागेल त्याला काम हे तत्त्व देशापुढे ठेवले, त्याच महाराष्ट्राने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकास ८,०००, पदवीधरास १०,००० रुपये आणि मुदत ६ महिने. विधानसभेच्या निवडणुकीला त्या वेळी काही महिनेच उरले होते. शाळांत, ग्रामपंचायतींत, शासकीय कार्यालयांत या तरुणांनी नियमित कर्मचाऱ्यांचीच कामे केली. मुदत संपत आली तेव्हा ते रस्त्यावर उतरले आणि २०२५ साली मुदत ११ महिन्यांवर गेली. अकरा महिने! नोकरीचा हक्क उत्पन्न होऊ नये म्हणून बाराव्या महिन्याच्या उंबरठ्यावर माणसाला थांबविण्याची रीत महाराष्ट्रातील हंगामी शिक्षकांना नि कारकुनांना पुरेपूर परिचयाची आहे.

केंद्राची कथा निराळी नाही. पाच वर्षांत १ कोटी तरुणांना ५०० मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिप, ही घोषणा जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात झाली. दरमहा ५,००० रुपये ठरले. त्यांपैकी ४,५०० सरकारचे आणि कंपनीचे केवळ ५००, तेही सामाजिक दायित्वाच्या निधीतून. बड्या कंपन्यांना माणूस मिळतो, त्याचा नऊ दशांश खर्च करदाता उचलतो. पहिल्या फेरीत सुमारे ८२ हजार प्रस्ताव दिले गेले, त्यांपैकी सुमारे २८ हजार स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झालेल्यांची संख्या ९ हजारांच्या आत राहिली. तरुणांना काम नको आहे, असा याचा अर्थ लावणारे पंडित निघतीलच. परगावी ५,००० रुपयांत महिना काढून दाखवावा, मग त्यांनी तो अर्थ लावावा.

आक्षेप आणि उत्तर

यावर एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिक आहे. इंटर्नशिपमध्ये काहीच शिकावयास मिळत नाही काय? केलेले काम नीट मांडणे हा गुन्हा आहे काय? नोकरीची गरज असलेल्या मुलाने तत्त्वासाठी उपाशी राहावे काय?

शिकावयास मिळते, यात शंका नाही. कारखान्यातील दोन महिने वर्गातील दोन वर्षांना भारी पडू शकतात. सुताराचा, गवंड्याचा, छापखान्यातील जुळाऱ्याचा हात असाच तयार होत आला. पण हात तयार होत असतानाही माल तयार होत असतो, आणि तो माल विकला जातो. शिकणे आणि कमावणे यांत विरोध आहे, हा सिद्धान्त केवळ दाम चुकविणाऱ्याच्या सोयीचा आहे. राहिला प्रश्न नीट मांडण्याचा. नीट मांडणे म्हणजे फुगविणे नव्हे. आणि नेमके सत्य हीच नोकरी मागणाऱ्याचीही खरी ढाल आहे.

चाकणच्या कारखान्यात तपासणी विभागात काम केलेल्या विद्यार्थ्याने ‘गुणवत्ता-सुधारणेचे नेतृत्व केले’ असे लिहिले, तर समोरचा अनुभवी अभियंता पहिल्याच उपप्रश्नाने ते फुंकून टाकतो. त्याने असे लिहावे : ‘८ आठवडे, रोज ८ तास, सुट्या भागांची मापे व्हर्निअरने घेऊन नोंदवही ठेवली, नापास भागांची कारणांनुसार विभागणी केली.’ तारखा लिहाव्यात, हत्यारे व यंत्रे लिहावीत, देखरेख कोणत्या विभागाची होती ते लिहावे. मुलाखतीत आपण काय केले आणि शेजारच्या कामगाराने काय केले, हे वेगळे सांगावे. माप चुकले कोठे, चूक कशी ध्यानात आली, हे सांगावे. जे येत नाही ते येत नाही म्हणावे. श्रमाची अशी नेमकी साक्ष देणारा तरुण खऱ्या कसबी माणसाला लगेच ओळखू येतो. पेट्रोल पंपावरच्या आणि खानावळीतल्या कामालाही हाच न्याय लावावा. किती महिने, किती तास, किती रकमेचा हिशेब हाती होता, हे आकड्यांत लिहावे. तो अनुभवच आहे.

आणि या नेमकेपणात आणखी एक शब्द बसला पाहिजे. ज्या कामाचे दाम मिळाले नाही, त्यापुढे ‘विनावेतन’ असे लिहिले पाहिजे. वेतन मिळाले असल्यास आकडा लिहिला पाहिजे. एकट्या विद्यार्थ्याने हे केले तर त्याच्या अर्जाचे काय होईल, हे सांगावयास ज्योतिषी नको. म्हणूनच ते एकट्याचे काम नाही. एका महाविद्यालयाच्या सबंध वर्गाने हा शब्द लिहिला, तर कंपनीचे ठळक नाव आणि तिने चुकविलेले दाम प्रथमच एका ओळीत दिसतील. ज्या पानावर आज विद्यार्थी आपली जाहिरात करतो, ते पान मालकाच्या हिशेबाचे पान होईल.

हे अशक्य नाही. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतील आंतरवासितांनी २०१८ साली महाराष्ट्रात संप केला, तेव्हा त्यांचे विद्यावेतन ६,००० रुपये होते. त्यानंतर ते ११,००० झाले. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने एका वैद्यकीय महाविद्यालयास आंतरवासितांना दरमहा २५,००० रुपये देण्याचा आदेश दिला. फ्रान्समध्ये २००५ साली विनावेतन प्रशिक्षणार्थी पांढरे मुखवटे घालून पॅरिसच्या रस्त्यांवर उतरले. पुढच्याच वर्षी तीन महिन्यांहून अधिक काळाच्या प्रशिक्षणास मोबदला देणे कायद्याने बंधनकारक झाले आणि नंतर ही मर्यादा दोन महिन्यांवर आली. मुखवटा त्यांनी मुद्दाम घातला होता, कारण चेहरा दिसला तर पुढची नोकरी जाईल, हे भय तेथेही होते. एकेकाला भय होते; एकत्र आल्यावर त्या भयाचेच निशाण झाले.

घरापासून आरंभ

चळवळीने मागण्या स्पष्ट केल्या पाहिजेत. श्रेयांकासाठी सक्तीची केलेली प्रत्येक इंटर्नशिप सवेतन असावी, आणि हे वेतन किमान वेतनाशी जोडलेले असावे. जागांची जाहीर यादी आणि तीत आरक्षण असावे. परगावच्या विद्यार्थ्याला वसतिगृह वा निवासभत्ता मिळावा. काम, तास आणि मोबदला यांची नोंद असलेले प्रमाणपत्र देणे मालकावर बंधनकारक असावे. पुढे त्याच आस्थापनेत नोकरी लागल्यास तो काळ सेवेत धरला जावा. या मागण्या विद्यार्थी संघटनांनी एकट्याने रेटावयाच्या नाहीत. कामगार संघटनांनी त्या आपल्या मागणीपत्रात घेतल्या पाहिजेत. कायम कामगाराच्या शेजारी फुकटचा इंटर्न उभा राहिला की, कायम कामगाराचीच जागा डळमळते. पुणे-चाकण पट्ट्यातील कामगारांनी ‘नीम’ या नावाच्या प्रशिक्षण योजनेत हे अनुभवले आहे. ती योजना पुढे बंद झाली, युक्ती बंद झाली नाही.

पण हे बोलण्यापूर्वी पुरोगामी संस्थांनी, संघटनांच्या कार्यालयांनी आणि नियतकालिकांनी स्वतःकडे पाहावे. तेथेही ‘अनुभव मिळेल’ म्हणून मुले-मुली महिनोन् महिने राबतात, अहवाल टंकलिखित करतात, सभांच्या खुर्च्या मांडतात आणि एक कौतुकाचे पत्र घेऊन जातात. स्वयंसेवा वेगळी, ती ज्याला परवडते तो आपखुशीने करतो. परंतु रेझ्युमेवरील एका ओळीच्या आमिषाने घेतलेले काम स्वयंसेवा होत नाही. ध्येयवादाच्या नावाने दाम बुडविणारा आणि शिक्षणाच्या नावाने दाम बुडविणारा, यांत राबणाऱ्याला फरक दिसत नाही.

तेव्हा येत्या उन्हाळ्यात प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याने एवढे करावे. महाविद्यालयात रेझ्युमेची कार्यशाळा असेल तेथे जाऊन मागच्या बाकावर बसावे, आणि टाळ्या थांबल्यावर उठून एकच प्रश्न विचारावा : ‘या कामाचे दाम किती?’ उत्तर मिळणार नाही. पण पुढच्या बाकावरील चार मुले मागे वळून पाहतील, आणि संघटनेची सुरुवात त्या चौघांपासून करावी.